प्रवासासाठी नवा कॅमेरा घ्यावा का? आधी जुने फोटो तपासा!



मे महिन्यात माझी भिशी लागली. हातात एकरकमी पैसे आले आणि डोक्यात एकच विषय घोळू लागला, तो म्हणजे छोटा मिररलेस कॅमेरा. माझ्याकडे जुना डीएसएलआर आहे. शाळेची सहल, सुट्टीतला प्रवास, गावातली पालखी, सगळीकडे तो गळ्यात असतो. अलीकडे मात्र जो तो म्हणतो, "मॅडम, आता मिररलेस घ्या. हलका असतो, प्रवासाला बरा." चौकशी केली तर लेन्ससह आकडा सत्तर हजारांच्या पुढे गेला. प्राथमिक शिक्षिकेच्या घरात ही रक्कम लहान नाही. त्याच पैशात दिवाळीच्या सुट्टीत लेकीला अजिंठा-वेरूळ दाखवायचं कबूल केलेलं होतं.

तुमच्यापैकीही अनेकांच्या मनात हा प्रश्न असेल. सहलीचे फोटो काढायची जबाबदारी बहुतेक शाळांत एखाद्या हौशी शिक्षकावरच येते. म्हणून मी काय तपासलं आणि काय ठरवलं, ते सविस्तर लिहिते.

मिररलेस म्हणजे नेमकं काय?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर वळवतो, म्हणून आपल्याला वरच्या खिडकीतून समोरचं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज त्यातूनच येतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. प्रकाश सतत सेन्सरवर पडतो आणि चित्र पडद्यावर दिसतं. फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबायच्या आधीच कळतं. आरशाची जागा वाचल्यामुळे कॅमेऱ्याची जाडीही कमी होते.

याची दुसरी बाजूही आहे. पडदा सतत चालू राहतो, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. दिवसभराच्या सहलीला निघताना जास्तीची एक बॅटरी लागतेच. तिचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

चला, वजनाची बेरीज करूया

"हलका असतो" हे वाक्य मी वहीवर तपासलं. उदाहरणासाठी एकाच कंपनीचे दोन साधे कॅमेरे घेऊ. २०१६ सालचा कॅनन १३०० डी हा डीएसएलआर बॅटरी व कार्डासह ४८५ ग्रॅम, त्याची १८-५५ ची नेहमीची लेन्स २०० ग्रॅम. एकूण ६८५. २०२३ सालचा कॅनन आर ५० हा मिररलेस ३७५ ग्रॅम, त्याची १८-४५ ची लेन्स १३० ग्रॅम. एकूण ५०५. म्हणजे फरक १८० ग्रॅमचा. सहलीला माझ्या पिशवीत पाण्याची एक लिटरची बाटली, प्रथमोपचार पेटी आणि कोणाकोणाचे स्वेटर असतात. त्यात हे १८० ग्रॅम मला जाणवतील का? आकारातला फरक नक्की जाणवेल, वजनातला फारसा नाही.

आता पुढची गंमत बघा. जुन्या कॅमेऱ्याची चांगली लेन्स नव्यावर वापरायची असेल तर मध्ये एक अडॅप्टर लागतो. जुन्या पद्धतीत लेन्स बसवायच्या कड्यापासून सेन्सर ४४ मिलिमीटर दूर असतो, नव्यात २० मिलिमीटर. मधलं २४ मिलिमीटरचं अंतर हा अडॅप्टर भरून काढतो. त्याचं वजन ११० ग्रॅम. समजा, तुमच्याकडे १६० ग्रॅमची ५० मिलिमीटरची लेन्स आहे. जुन्या कॅमेऱ्यावर तिची बेरीज ४८५ + १६० = ६४५. नव्यावर ३७५ + ११० + १६० = ६४५. एक ग्रॅमसुद्धा कमी झाला नाही! ही बेरीज मी दोनदा करून पाहिली.

प्रकाशाचं गणित

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र. त्याचा एफ आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. दोन आकड्यांचा भागाकार करून त्याचा वर्ग केला की प्रकाश किती पट ते समजतं. वरच्या जुन्या लेन्सचा रुंद बाजूचा आकडा एफ ३.५ आहे, नव्या छोट्या लेन्सचा एफ ४.५. गणित केलं तर जुनी लेन्स दीडपटीहून जास्त प्रकाश आत घेते. लेन्स छोटी करताना प्रकाशही कमी झाला. नवा सेन्सर अंधारात जास्त चांगला असतो हे खरं, पण त्याच्या फायद्याचा काही भाग ही लेन्स खाऊन टाकते.

याउलट ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या. तिची तुलना नव्या लेन्सच्या लांब टोकाच्या एफ ६.३ शी करा. ६.३ ला १.८ ने भागलं की ३.५ येतात. त्याचा वर्ग १२.२५. बारा पट प्रकाश! आणि ही लेन्स नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात मिळते.

मी काय केलं?

पाढे पाठ नसलेल्या मुलाला आपण लगेच नवं पुस्तक आणून देत नाही. आधी तो कुठे चुकतो ते बघतो. तसंच केलं. गेल्या दोन वर्षांतले फसलेले फोटो संगणकावर काढले आणि त्यांचे गट पाडले.

पहिला गट अंधाराचा. आमची सहल भुलेश्वरला गेली होती. यवतजवळून आत वळलं की डोंगरावर हे यादवकालीन मंदिर आहे. बाहेर लख्ख ऊन आणि आत पाऊल टाकलं की काळोख. भिंतींवरचं कोरीवकाम, स्त्रीरूपातला गणेश, हे सगळं मुलांना दाखवलं, पण माझे फोटो हलले. आता विचार केला तर शिल्पं काही पळत नव्हती. खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून बटण दाबलं असतं किंवा जास्त प्रकाश घेणारी लेन्स लावली असती, तर जुन्या कॅमेऱ्यातही फोटो आले असते.

दुसरा गट पळणाऱ्या मुलांचा. खो-खो, लेझीम, सहलीच्या बसमधून उड्या मारत उतरणारी पोरं. चेहरे धूसर आणि मागचं झाड स्पष्ट. इथे कॅमेऱ्याचा हात खरंच तोकडा पडतो. जुन्या साध्या डीएसएलआरमध्ये फोकसचे मोजकेच बिंदू असतात, १३०० डी मध्ये ९. नवे मिररलेस जवळपास पूर्ण चौकटीत डोळा ओळखतात आणि मूल पळालं तरी त्याचा पिच्छा सोडत नाहीत.

तिसरा गट दूरच्या गोष्टींचा. आपल्या कवडीला मुळा-मुठेच्या काठी हिवाळ्यात चक्रवाक बदकं येतात. माझ्या फोटोत ती तांबूस ठिपक्यांसारखी दिसतात. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी. नव्या छोट्या कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स तर जुनीपेक्षाही थोडी कमी पल्ल्याची आहे. म्हणजे ठिपके आणखी बारीक.

चौथा गट सगळ्यात मोठा निघाला. हे फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक होते, पण कंटाळवाणे. बॅनर, त्यामागे रांगेत उभी मुलं, सगळ्यांचे हात खाली. असे फोटो अहवालासाठी लागतात, मान्य. पण कोणताही कॅमेरा त्यात जीव आणणार नाही. तो दोष माझा.

आणि एक गट संगणकावर नव्हताच. न काढलेल्या फोटोंचा! पाऊस येईल, धक्का लागेल, या भीतीने कॅमेरा पिशवीतच राहिला होता. इथे मला वाटलं, की छोटा कॅमेरा असता तर नक्की बाहेर आला असता. मग लक्षात आलं, सत्तर हजारांचा नवा कोरा कॅमेरा मी पावसात बाहेर काढेन का? कमी किमतीच्या मिररलेसमध्ये बहुतेकदा पावसापासून संरक्षण नसतं. भीती कमी होण्याऐवजी वाढलीच असती.

पालखीच्या दिवशीची परीक्षा

कागदावरचं गणित पुरेसं नाही, हे आपण मुलांना सांगतोच. पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघून आमच्या लोणी काळभोर परिसरात मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी यवतकडे जाते. त्या दिवसासाठी मी एक छोटा मिररलेस भाड्याने आणला.

खरं सांगते, कॅमेरा आवडला. दिवस मावळत होता, ढग होते, दिंड्या चालतच होत्या. टाळ वाजवत जाणाऱ्या माणसाचा डोळा कॅमेरा बरोबर धरत होता. फोटोचा आवाज बंद करता येत असल्यामुळे भजनातही व्यत्यय आला नाही. तीन दिंड्या जाईपर्यंत मी मनात कॅमेरा विकत घेऊन टाकला होता!

रस्त्याच्या कडेला एक आजीबाई तळपायाला तेल चोळत बसल्या होत्या. मी विचारलं, "माउली, फोटो काढू का?"

"काढ की, पण मला दाव."

मी फोटो काढून पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी कसा जायचा ह्यो? नातवाला धाडशील?" त्यांनी पिशवीतून कागदावर लिहिलेला नंबर काढला. मी तिथेच फोटो मोबाईलवर घेतला आणि पाठवला.

रात्री घरी आल्यावर मी माझ्या जुन्या कॅमेऱ्यातले मागच्या वर्षीचे पालखीचे फोटो उघडले. त्यात गर्दी होती, पताका होत्या, तुळशी होत्या. पण मी कोणाशी बोलल्याचा एकही फोटो नव्हता. आजीबाईंचा फोटो चांगला आला, कारण मी थांबले, विचारलं, खाली बसले. त्या स्वतः हलत नव्हत्या आणि उजेड पुरेसा होता. तो फोटो जुन्या कॅमेऱ्यातही आला असता. टाळकऱ्यांचा मात्र आला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग घ्यावा की नाही?

माझं मत स्पष्ट सांगते. तुमचे बहुतेक फसलेले फोटो हलणाऱ्या माणसांचे असतील आणि कॅमेऱ्यासोबत जास्त प्रकाश घेणारी एक लेन्स घेण्याइतके पैसे असतील, तर मिररलेस जरूर घ्या. फायदा दिसेल. पहिल्यांदाच कॅमेरा घेत असाल आणि जुन्या लेन्सा नसतील, तरीही मिररलेसच बघा.

पण अंधार हीच अडचण असेल तर आधी लेन्स बदला. पक्षी टिपायचे असतील तर लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी पैसे साठवा. फोटो फक्त शाळेच्या गटावर पाठवायचे असतील तर चांगल्या उजेडात मोबाईल पुरतो. फलकावर लावायला ए-फोर आकाराची उत्तम प्रत काढायची तरी साधारण ९ मेगापिक्सेल लागतात. १८ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा त्याच्या दुप्पट देतो. आणि फक्त वजनासाठी घेत असाल, तर तुमच्या लेन्सा आणि अडॅप्टर धरून आधी बेरीज करा.

मी या वर्षी नवा कॅमेरा घेतला नाही. ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. ती अरुंद जागेत फार जवळची पडते, फोटो घ्यायला मागे सरकावं तर पाठीला भिंत लागते. ही अडचण मला माहीत आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, तिथे हिचा उपयोग होईल आणि जमेल तेवढंच मी टिपेन. भिशीचे उरलेले पैसे त्या प्रवासाला ठेवले आहेत. प्रवासाचे फोटो काढायचे तर आधी प्रवास घडायला हवा ना? लेकीला तारीखही सांगून टाकली आहे, त्यामुळे आता माघार नाही.

पळणाऱ्या मुलांचे फोटो अजून फसतात. त्यासाठी कदाचित पुढच्या भिशीला मी पुन्हा दुकानात जाईन. तोपर्यंत तुम्हीही एक रविवार काढा, आपल्या फसलेल्या फोटोंचे गट पाडा. घरातल्या मुलांनाही सोबत घ्या. वर्गीकरणाचा तो छान उपक्रम होतो, आणि मुलं आपल्या चुका आपल्यापेक्षा लवकर शोधतात!