फुकटचा डाव

गेल्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवरच्या खेळांवरून वाद रंगला. एक सर म्हणाले, या खेळांपायी पोरं वाया चालली. दुसरे म्हणाले, पोरांचं राहू द्या, मघाशी तासाला जायच्या आधी तुम्हीच कोपऱ्यात बसून गोळ्या फोडत होता. हशा झाला, बेल झाली, वाद तिथेच राहिला. माझ्याबरोबर मात्र तो घरापर्यंत आला. कारण हाच वाद मी बऱ्याच वर्षांपूर्वी शहापुरात माझ्या अक्काच्या घरी घातला होता, आणि सपशेल हरलो होतो.

अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मी शेंडेफळ, म्हणून ती अजून मला ‘तम्मा’ म्हणते. दाजींचे दोन यंत्रमाग होते. २००८ साली भाचा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा त्यांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला, मागाहून इंटरनेट आलं. भाचा सकाळी कॉलेजला गेला की कॉम्प्युटर मोकळा. एका दुपारी मी गेलो, तर अक्का त्याच्यासमोर बसून रंगीत गोळे फोडत होती. ‘बबल शूटर’ नावाचा खेळ. वर लाल, निळ्या, पिवळ्या गोळ्यांची दाटी, खाली एक गोळा तुमच्या हातात. नेम धरून सोडायचा, एका रंगाचे तीन एकत्र आले की ते फुटतात. एवढंच. शिकायला अर्धा मिनिट लागत नाही. मुळात हा १९९४ सालचा जपानी खेळ, ‘पझल बॉबल’, तिथल्या खेळघरांत नाणं टाकून खेळायचा. पुढे त्याच्या असंख्य नकला निघाल्या आणि त्यातल्या एकीनं फुकटात शहापूर गाठलं.

मी तेव्हा कॉलेजात नुकताच लागलो होतो. नव्या लेक्चररचा ताठा काय असतो ते वाचकांना सांगायला नको. म्हटलं, “अक्का, काय करालीस हे? वेळ फुकट घालवालीस.”

“फुकटच हाय की रे तम्मा,” ती मान न वळवता म्हणाली. “पैसे पडत असते तर मला कोण खेळू दिलं असतं?”

मी मराठी शिकवतो, तरी या शब्दाकडे तोवर नीट पाहिलं नव्हतं. आपण ‘फुकट’ म्हणतो, शेजारचे कन्नडवाले ‘पुक्कटे’ म्हणतात, आणि मराठीत तरी या एका शब्दात दोन अर्थ नांदतात. बिनपैशाचं ते फुकट, आणि वाया गेलं तेही फुकट. मी दुसरा अर्थ धरून बोललो, अक्कानं पहिला धरून उत्तर दिलं. ज्या बाईला साडीचा काठसुद्धा चारजणांना विचारून घ्यावा लागला, तिला कुणाला न विचारता घेता येण्यासारखी ही एकच चैन होती. उजव्या बाजूला एक जाहिरात सारखी लुकलुकायची. फुकटाचं भाडं ते. अक्कानं जुन्या कॅलेंडरचा तुकडा कापून स्क्रीनच्या त्या भागावर चिकटवला होता.

हा खेळ ब्राउझरमध्ये चालतो, म्हणजे इंटरनेटचं पान उघडलं की त्या पानातच खेळ असतो. काही उतरवून घ्यायचं नाही, नाव-पत्ता द्यायचा नाही. सायबर कॅफे जोरात होते त्या काळात आणि कुठल्याही कचेरीतल्या कॉम्प्युटरवर नवं काही घालायला मनाई असे. पण पान उघडायला कोण अडवणार? लंडनमध्ये २००१ साली सुरू झालेली ‘मिनिक्लिप’सारखी स्थळं याच वाटेने जगभरच्या कारकुनांच्या टेबलावर पोचली. साहेब येताना दिसला की पान मिटायचं. आमच्या पिढीतल्या किती जणांच्या बोटांना ती सवय अजून आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक.

पण या खेळांचं खरं बळ फुकट असण्यात नाही, हे मला पुढे तीन वर्षांनी कळलं.

२०११ मध्ये दाजींना लकवा मारला. डावी बाजू गेली. भाचा नोकरीला बेंगळूरला. एक माग विकला, दुसरा भाड्यानं दिला. मी अधूनमधून रात्री सोबतीला जात असे. दाजींना झोप नव्हती; दर वीस-पंचवीस मिनिटांनी हाक येई. पाणी, कूस बदलणं, नुसतंच “आहेस का” म्हणून विचारणं. एका रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली, तर पलीकडच्या खोलीत निळा उजेड. आवाज बंद करून अक्का गोळे फोडत होती.

मी तिला आधी दोन कादंबऱ्या नेऊन दिल्या होत्या. त्या स्टुलावर तशाच होत्या. माझी नजर तिकडे गेलेली तिला कळली.

“पुस्तक चांगलं हाय रे. पण हाक आली की उठायचं, परत बसलं की मागचं आठवत न्हाई. एकच पान चारदा वाचलोय. टीव्ही लावला तर त्यातली बाई माझ्यासाठी थांबत न्हाई. हे थांबतंय बघ.”

तेवढ्यात हाक आली आणि ती उठून गेली. मी पडद्याकडे बघत राहिलो. खरोखरच तो खेळ थांबला होता. त्यात घड्याळ नाही. गोळा हातात घेऊन तुम्ही तासभर निघून गेलात तरी वरचे गोळे जागचे हलत नाहीत. नेम पुन्हा पुन्हा चुकला तर वरून एक ओळ खाली सरकते, एवढीच शिक्षा. हरलात तर नवा डाव, कुणाला काही देणं लागत नाही. आपले जुने घरगुती खेळ असेच होते. चौकाबारा मांडून बसलेल्या बायका दूध उतू जाताना उठायच्या आणि परत येऊन चिंचोके उचलायच्या. चेन्नेमणेच्या खळग्यांतल्या बिया कुणी येईपर्यंत तशाच पडून राहायच्या. घरच्या बाईचा वेळ सलग नसतोच, आणि तिचे खेळ ते जाणून होते.

सगळेच फुकटचे खेळ असे नसतात. फेसबुकवर २००९ मध्ये ‘फार्मव्हिल’ आला. शेत नांगरायचं, पेरायचं, कापायचं. पैसे लागत नव्हते. पण स्ट्रॉबेरी पेरली की चार तासांनी तयार, आणि वेळेत काढली नाही तर वाळून जाणार. आमच्या कॉलेजातले एक सहकारी पीक काढायला पहाटे गजर लावून उठत. त्यांच्या सौभाग्यवती म्हणत, खऱ्या शेताला एवढं जागला असता तर नांगरटीचे पैसे वाचले असते. तो खेळ माणसासाठी थांबत नव्हता. माणूस त्याच्या पाळतीवर असे. चाकरी म्हणतात ती हीच. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते शेत कायमचं बंद झालं.

उलट काही खेळ अगदी अक्काच्या जातीचे. इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या पोरानं मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारात ‘२०४८’ हा आकड्यांचा खेळ बनवला आणि फुकट देऊन टाकला, तो कसा लिहिला त्या कोडसकट. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असं दुप्पट करत जायचं. आमच्या लेकीला पाढे पाठ नव्हते, पण १०२४ पर्यंतची दुपटी घडाघडा यायची. मी तिला “बास आता” म्हटलं की आमच्या सौ., माहेर धारवाड, आतून म्हणायच्या, “बिड्री, आडली.” क्रोम ब्राउझरमधला डायनोसॉर तर इंटरनेट गेलं की येतो. २०१४ सालचाच. त्याचे महिन्याला सत्तावीस कोटी डाव खेळले जातात असं गूगलनं २०१८ मध्ये सांगितलं होतं, आणि खेळणारे बरेचसे भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा, जिथे इंटरनेटचा भरवसा नाही किंवा ते महाग पडतं, त्या देशांतले. यात आपल्या पावसाळ्याचा वाटा किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आणि ‘वर्डल’. जॉश वॉर्डल या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या गृहस्थानं आपल्या जोडीदारीण पलक शाह यांना शब्दकोड्यांची आवड म्हणून तो घरच्या घरी बनवला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच. १ नोव्हेंबर २०२१ला तो खेळणारे नव्वदजण होते; दोन महिन्यांत तीन लाखांवर गेले, आणि जानेवारी २०२२च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला. आजचा शब्द झाला की खेळच म्हणतो, उद्या या. घरी आम्ही तो मराठीत कागदावर खेळून पाहिला आणि पहिल्याच शब्दाला भांडण. ‘पुस्तक’ ही अक्षरं किती? माझ्या मते तीन. लेक म्हणते, उकार वेगळा धर, जोडाक्षर फोड. सौ.नी कन्नडात हेच ‘पुस्तक’ लिहून दाखवलं, तिथे ‘स’ला खाली ‘त’ची ओत्तक्षर लोंबते, म्हणजे वाद आणखी एक मजला खाली. इंग्रजीच्या चौकोनात बसणारा खेळ आपल्या दोन्ही लिप्यांत अंग चोरून बसतो. असो.

इथवर सगळी गंमत. पण स्टाफरूममधल्या त्या पहिल्या सरांची काळजी अगदीच पोकळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातला एक मुलगा परीक्षेचा फॉर्म भरायला आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, फीचे पैसे मोबाइलवर पत्ते खेळण्यात गेले. सुरुवात फुकटच्या डावानं झाली होती. आधी कंपनीनंच खात्यात थोडे पैसे घातले, पहिले दोन डाव जिंकवले, मग त्याचे स्वतःचे गेले, मग मित्राचे. खेळायला कधी बसायचं हे रात्री-अपरात्री येणारा संदेश ठरवायचा. तो मुलगा माझ्यासमोर बसून सारखा म्हणत होता, “सर, मी खेळतच होतो फक्त.” आम्ही चौघांनी मिळून फी भरली. त्याच्या वडिलांना काय सांगायचं यावर मात्र आमचं एकमत झालं नाही, आणि शेवटी कुणीच काही सांगितलं नाही. ते बरोबर केलं का, हे मला अजून कळलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मला आधी त्याची आठवण झाली.

आता पालक विचारतात, सर, कुठला खेळ चालेल? मी इतकंच बघायला सांगतो, की मध्येच जेवायला हाक मारा. पोरगं लगेच उठलं आणि खेळाचं काही बिघडलं नाही तर काळजी करू नका. “एकच मिनिट, नाहीतर माझं जाईल,” असं म्हणालं, तर त्याचं काय जाणार आहे ते शेजारी बसून बघा.

दाजी २०१९च्या श्रावणात गेले. अक्का भाच्यानं आणून दिलेल्या लॅपटॉपवर खेळत राहिली, आता झोपून उठल्यावर दुपारी थोडा वेळ. जानेवारी २०२१ मध्ये, संक्रांतीच्या आसपास, तिचा फोन आला.

“तम्मा, माझा खेळ गेला की रे.”

जाऊन पाहिलं, तर खेळाच्या जागी राखाडी चौकोन. ब्राउझरमधले हजारो खेळ ‘फ्लॅश’ नावाच्या प्रणालीवर चालत. १९९६ सालची ती. तिच्यात सुरक्षेची भोकं फार, फोनवर ती नीट चालेना. म्हणून अ‍ॅडोबी कंपनीनं २०१७ मध्येच निरोपाची नोटीस दिली, २०२०च्या शेवटच्या दिवशी हात काढून घेतला आणि १२ जानेवारीपासून फ्लॅशमधलं काहीच उघडेनासं झालं. काही जुने खेळ ‘इंटरनेट आर्काइव्ह’नं जपून ठेवलेत, तिथे ते अजून चालतात. हे सगळं मी अक्काला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग माझा कुठं हाय?”

दोन तास शोधलं. बारा वर्षांपूर्वी ज्या खेळावरून तिला बोललो, तोच मी घाम पुसत हुडकत होतो. नव्या पद्धतीनं बनवलेला एक ‘बबल शूटर’ अखेर मिळाला. अक्कानं चष्मा पुसला, चार गोळे मारले.

“रंग जरा भडक हायत,” ती म्हणाली. “पण चालतंय.”

आतून सुनेनं कशाला तरी हाक मारली आणि ती उठून गेली. हातातला निळा गोळा तसाच. मी खुर्चीत बसलो, म्हटलं एक मारून बघावा. नेम चुकला. तिचे आधीचेही दोन चुकले असावेत, कारण वरून एक अख्खी ओळ खाली सरकली आणि लॅपटॉपमधून कसलासा आवाज आला.

“हात लावलास न्हवं?” अक्का स्वयंपाकघरातूनच म्हणाली.