धोंड्याचा महिना आणि पेरणीचा पैसा

अधिक महिना आला की लेक-जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, ही आपली जुनी रीत. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण, त्यावर दिवा, जावयाला पोशाख, लेकीला साडी. एवढ्यावर भागत होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती. आता ताट चांदीचं लागतं आणि जावई नवा असला तर अंगठीची वाट पाहिली जाते. तो बिचारा तोंडानं मागत नाही. त्याची आई फक्त विहीणबाईंना ऐकवते, 'आमच्या थोरल्याला सासरवाडीनं तोळा घातला होता हो!' समजायचं ते समजतं.

२०२३ साली अधिक श्रावण होता, पेरण्या बहुतेक आटोपल्या होत्या. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन बी-बियाण्याच्या ओढीत. कपाशीच्या पिशव्या आणि खताच्या गोण्या ज्या पैशात यायच्या, त्याच पैशात वाण बसवायचं. सोसायटीचं कर्ज लांबलं तर सावकार आहेच.

सून घरात आली की चार दिवसांत चुलीपुढे आणि रानात. सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं तिनंच काढायचं. जावई मात्र तीस वर्षांनीही पाहुणाच. सासऱ्याच्या बांधावर जाऊन 'यंदा काय पेरलं?' एवढं विचारलं तरी मेहुण्याच्या पोटात गोळा येतो. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, तेव्हापासून तर जास्तच. (हक्कसोडपत्रावर लेकीची सही घेताना मात्र जावयाला आग्रहानं बोलावतात!) म्हाताऱ्या आईबापांच्या निर्वाहासाठी २००७ साली केलेल्या कायद्यानं जबाबदारी मुलामुलींवर टाकली. जावयाचं नाव त्यात घेतलं नाही, सुनेचंही नाही. पण सुनेला ती चुकते कुठं?

ज्या घरी नुसत्या लेकीच आहेत, तिथं म्हातारा आजारी पडला की जावयाला गाडी काढावीच लागते. तिथले जावई हे गुपचूप करतातही. इतरांना लाज का वाटावी?

सुपारी फुटलेली पोरं हल्ली मोबाइलवर तासन् तास बोलतात. होणाऱ्या सासऱ्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे त्यात एकदा तरी विचारून घ्यावं. आणि जुन्या जावयांनी धोंडे खुशाल खावेत, दोन जास्तच खावेत. फक्त निघताना मोटारसायकलवर खताची एक गोणी टाकून निघावं. रिकाम्या हातानं आलेला जावई सासऱ्यांनी पुष्कळ पाहिलाय, गोणी घेऊन आलेला एकदा पाहू द्या.