प्लाकासमोरचं बेट

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या कोकणातल्या घरांतून पावलं दोनच दिशांना वळतात. एक तर मामूच्या गावाला, नाहीतर आखातातल्या भावाबहिणींकडे. यंदा मी मुलांना घेऊन दोह्याला धाकट्या बहिणीकडे गेले आणि तिथून सगळे मिळून आठ दिवस ग्रीसला. कोकणातून निघून पुन्हा समुद्रच बघायला जायचं, याची आमच्या अम्मींना फार गंमत वाटली. पण मुलांचा हट्ट होता, आणि मेहुण्यांनी तिकिटं काढलीही होती.

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावर एलुंदा हे सुट्टीसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे आणि तिथून पाच किलोमीटरवर प्लाका. प्लाका म्हणजे मासे भाजून देणाऱ्या चारदोन खाणावळी, एक अरुंद रस्ता आणि वाळूऐवजी गोट्यांचा किनारा. पाणी इतकं नितळ की गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात. चपला मात्र घालूनच उतरा, गोटे टोचतात.

मुलांना सर्वांत आवडलं ते एलुंदाजवळचं ओलुस. हे प्राचीन शहर जमीन खचल्यामुळे पाण्याखाली गेलं. समुद्र शांत असेल तर काठावरूनही भिंतींच्या रेषा दिसतात. वाटेत व्हेनिसवाल्यांच्या काळातली मिठागरं लागतात. आमच्या मुलांनी मिठागरं पाहिलेली असल्यामुळे तिथे कोणी थांबेना. जवळच एका जुन्या चर्चची नुसती फरशी उरली आहे. तिच्यावर बारीक खडे जडवून काढलेले मासे बघण्यासारखे आहेत. दहाबारा किलोमीटरवर आयिओस निकोलाओस हे मोठं गाव. त्याच्या मधोमध एक गोल तळं आहे. या तळ्याला तळच नाही, असं जुने लोक म्हणत. मोजलं तेव्हा खोली ६४ मीटर भरली.

खाण्याची चिंता अनेक बहिणींना असते, म्हणून सांगते. मटणाच्या वाटेला गेलोच नाही. भाजलेली मासळी, उकडलेल्या रानभाज्या आणि ‘डाकोस’, म्हणजे जवाच्या कडक पावावर टोमॅटो, ताजं चीज आणि ऑलिव्हचं तेल, यावर आठ दिवस मजेत गेले. ऑक्टोपस वगैरे मागवताना वाइनमध्ये शिजवलाय का, एवढं विचारावं. आणि जेवण झालं की यजमान प्रेमाने राकीची छोटी बाटली टेबलावर आणून ठेवतात, न मागता आणि फुकट. ती दारू आहे. छातीवर हात ठेवून मान हलवली की पुरे, कोणी वाईट मानत नाही. नमाज खोलीतच. क्रीटवरून किब्ला आग्नेयेला येतो, पश्चिमेची सवय असलेल्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. प्लाकाच्या धक्क्यावरून समोरच, नावेने दहा मिनिटांवर, स्पिनालोंगाचं बेट आहे. राजपुरीहून जंजिऱ्याकडे बघावं तसं ते दिसतं. चहूबाजूंनी पाण्यातून उठलेला तट. सावली फारशी नाही, म्हणून सकाळची नाव धरा आणि पाणी बरोबर घ्या.

हा किल्ला व्हेनिसवाल्यांनी १५७९ मध्ये बांधायला घेतला. बहुतेक सगळं क्रीट १६६९ पर्यंत उस्मानी सल्तनतीकडे गेलं, तरी हा १७१५ पर्यंत टिकून होता. पण लोक येतात ते पुढच्या इतिहासासाठी. १९०४ पासून १९५७ पर्यंत इथे कुष्ठरोग्यांना आणून सोडत. एक अंधारा बोगदा आहे, त्यातून ती माणसं आत जात. १९३६ मध्ये रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी रोगी म्हणून आला. त्याने रोग्यांची संघटना उभी केली. त्यांनी भिंतींना चुना लावला, नाटकं केली, कॉफीची दुकानं चालवली, लग्नंही केली. औषध निघालं आणि वसाहत बंद झाली. आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे सगळं लगेच समजतं.

मधली दोनशे वर्षं मात्र भरभर उरकली जातात. आमच्या गटाच्या वाटाड्या बाईंनीही ‘मग इथे तुर्क राहिले’ एवढं एक वाक्य टाकलं आणि पुढे निघाल्या. मी मागे रेंगाळले. ज्या घरांत रोगी राहिले त्यांतली बरीच घरं त्या ‘तुर्कां’चीच. दुकानांची रांग, पाण्याच्या टाक्या, मशिदीचे अवशेष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तटाच्या आत हजारावर मुसलमान राहत होते. १८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झालं आणि १९०३ पर्यंत शेवटची घरंही रिकामी झाली.

पण हे लोक तुर्क होते का? क्रीटचे बहुतेक मुसलमान तिथलेच, पिढ्यांपूर्वी इस्लाम स्वीकारलेले. घरात, बाजारात, भांडणात त्यांची भाषा ग्रीक. क्रीटच्या दोन ओळींच्या यमकी गाण्यांना ‘मांतिनादा’ म्हणतात, तीही ते गात. १९२३ मध्ये लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानमध्ये माणसांची अदलाबदल ठरली, तेव्हा भाषा कोणी विचारली नाही, फक्त धर्म विचारला. क्रीटवर उरलेले मुसलमान जहाजांतून तुर्कस्तानला गेले. तिकडून तुर्कीच बोलणारे कितीतरी ख्रिस्ती ग्रीसला आले. आयवालिक आणि जुंदा इथे वसवलेल्या क्रीटच्या मुसलमानांना धड तुर्की येत नव्हती, म्हणून ‘अर्धे काफिर’ असं ऐकावं लागलं. त्यांच्या घरांतल्या आज्या शेवटपर्यंत ग्रीकच बोलत राहिल्या.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. बावीस वर्षांच्या नोकरीत ‘मॅडम, तुमचं मराठी इतकं छान कसं?’ हा प्रश्न किती वेळा आला, मोजलं नाही. विचारणारे चांगल्या मनानेच विचारतात. आणि आपल्याकडेही ‘घरात उर्दू बोलत नाही? मग कसले मुसलमान?’ म्हणणारे आहेतच. त्या पडक्या भिंतीपाशी दोन्ही प्रश्न एकदम आठवले. लेकीने विचारलं, “अम्मी, रडतेस का?” ऊन डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं.

वेळ असेल तर दक्षिण किनाऱ्यावरच्या येरापेत्रालाही जा. तिथे जुन्या वस्तीत एक मशीद आणि वजूचं कारंजं उभं आहे. नमाज होत नाही, पण इमारत आहे.

शेवटच्या संध्याकाळी प्लाकाच्या खाणावळीत नेहमीची राकी आली, आम्ही मान हलवली. मालकीण आत गेली आणि एक बशी घेऊन आली. रव्याचा, दालचिनी घातलेला, थेट आपल्या शिऱ्यासारखा पदार्थ. नाव विचारलं तर म्हणाली, “हलवास.” बाजाराला ते ‘पाझारी’ म्हणतात, खबरीला ‘हबारी’ आणि दुनियेला ‘दुनियास’. धाकट्याने बशी चाटूनपुसून साफ केली आणि आणखी मागितला.