पुण्याला पेशंट घेऊन जाताय? जेवणाचं काय?

श्रीगोंद्याहून पुणे शंभरएक किलोमीटर. ससूनला दाखवायचं असो की एखाद्या मोठ्या रुग्णालयात एमआरआय काढायचा असो, आपल्याकडचा माणूस पहाटेच घर सोडतो. जुने रिपोर्ट, रेशनकार्ड, पैसे, सगळं पिशवीत नीट बांधलेलं असतं. जेवणाचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. मग दिवसभर चहा, बिस्किटं आणि गेटसमोरचा वडापाव. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, पुण्यात जेवण परवडतंय कुठं?"

परवडतं, असं माझं ठाम मत आहे. दोन वडापाव, तीन चहा, बिस्किटाचा पुडा आणि कंटाळून घेतलेली थंड पेयाची बाटली यांचा हिशेब एकदा करून पाहा. साध्या खाणावळीतली थाळी त्याच्या फार पुढे जात नाही.

हा केवळ पोट भरण्याचा प्रश्न नाही. नवऱ्याला तपासायला घेऊन गेलेल्या एक मावशी एका रुग्णालयाच्या रांगेतच कोसळल्या. त्यांना स्वतःला मधुमेह. सकाळची गोळी न चुकता घेतली आणि नंबर जाईल म्हणून दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. रक्तातली साखर उतरली. दरदरून घाम, हातापायांना थरथर, छातीत धडधड, अंधारी, ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि लगेच जेवू घालावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता डॉक्टरांना हाक मारावी. उपाशीपोटी तपासणी असेल त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता खायचं कुठं? ससून स्टेशनजवळ आहे आणि त्या भागात इराणी कॅफे ही जुनी सोय. जहांगीर रुग्णालयाजवळचा व्होहुमन कॅफे चीज ऑम्लेटसाठी नावाजलेला. तरुण पोरं बनमस्क्यावर ताव मारतात, पण बन म्हणजे मैदा आणि मस्का म्हणजे लोणी. त्यापेक्षा साधं ऑम्लेट मागवा. दोन अंड्यांतून बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. चहा मात्र एकच. इराण्याचा चहा गोड असतो, हे मधुमेह्यांनी विसरू नये.

अंडं चालत नसेल तर उडप्याकडे जावं. इडली-सांबार हे आजारातून उठणाऱ्या माणसासाठी माझ्या मते शहरातलं सर्वांत निर्धोक खाणं. पीठ आंबवलेलं, वाफेवर शिजवलेलं, तेल जवळजवळ नाही आणि ताटात गरम येतं. चटणी सकाळपासून उघडी असेल तर सोडून द्या. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली, रूपाली नावाजलेली खरी, पण तिथे रांगेत उभं राहायला पेशंटच्या नातेवाइकाला वेळ कुठला? कोपऱ्यावरच्या गर्दीच्या उडप्याकडेही तीच इडली मिळते.

पेठांमध्ये काम असेल तर चंगळच. टिळक रस्त्यावरचं बादशाही बोर्डिंग १९३२ सालचं. पोळी, भाजी, आमटी, भात असं घरच्या वळणाचं जेवण. लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस आहे, तिथलं थालीपीठ घ्यावं. भाजणीत धान्य आणि डाळी दोन्ही असतात, म्हणून ते नुसत्या मैद्याच्या पदार्थापेक्षा कितीतरी सरस. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ आहे. कुठलीही मिसळ खाताना उसळ जास्त मागावी, फरसाण कमी. तर्रीची दुसरी वाटी पित्ताच्या माणसाने घेऊ नये. आणि अमर्याद थाळीचा मोह टाळा. पैसे वसूल करायला म्हणून चार पोळ्या जादा खाल्ल्या, तर त्याची वसुली शरीर करतं.

याहून स्वस्त हवं असेल तर पोळी-भाजी केंद्रं आहेत. पोळ्या मोजून घ्या, एक पालेभाजी घ्या, दही घ्या. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत राहणारी आपल्या तालुक्यातली मुलं यावरच जगतात. मेसच्या जेवणाने तब्येत बिघडते म्हणतात, पण त्यांच्यापैकी जी माझ्याकडे येतात त्यांचं मुख्य दुखणं जेवण चुकवून रात्री दोनला पाव खाण्याचं असतं.

हॉटेल निवडताना पाटीपेक्षा गर्दी पाहावी. जिथे माणसं सतत येतात तिथे अन्न पडून राहत नाही. भात वाफाळता असावा. शिजवून तासन्‌तास कोमट ठेवलेला भात उलट्या-जुलाबाला कारण होतो. कापून ठेवलेला कांदा, उघड्यावरची चटणी आणि उसाच्या रसातला बर्फ नको. चौदा आकडी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तोही पाहायला शिका. आणि पहिलं जेवण घरूनच न्या. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत उत्तम टिकते. भात किंवा ओली भाजी मात्र डब्यात नको.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर निघाली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. कष्टकऱ्याला ती अपुरी, पण मोजमाप शहाणपणाचं होतं. माझी मागणी साधी आहे. वॉर्डातल्या पेशंटला जेवण मिळतं, मग त्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्यासाठी प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या आवारात स्वस्त, ताज्या जेवणाची कायमची सोय का नसावी? तो आजारी पडला तर खाटा दोन लागतील.

सर्वांत जास्त उपाशी राहतात त्या बायका. एकटीने हॉटेलात कसं बसायचं, हा संकोच. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी ओळख काढा आणि दोघी मिळून जा. तेवढा अर्धा तास पेशंटजवळ कोण थांबणार, ते सिस्टरला विचारून आधीच ठरवा. बादशाहीसारख्या ठिकाणी कुटुंबं येऊन जेवतात, तिथे कुणी वळूनही पाहत नाही.