साहेबाची पट्टी, आपलं नाक

मंडळी, दोन दिवसांपासून तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'आपलं रक्त शुद्ध, आपला वंश वेगळा, बाकीचे मागून आले.' गंमत म्हणजे तीन वेगवेगळ्या जातींच्या ग्रुपांवर तोच मेसेज, फक्त जातीचं नाव बदललेलं! खाली अंगठ्यांची रांग.

ही भाषा आली कुठून, ते तरी बघा. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, असं त्याचं गणित. नाक रुंद तेवढी जात खालची, हा त्याचा दावा. मराठी मुलखातल्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना मात्र त्याने 'सिथो-द्रविड' म्हणून एकाच खणात टाकलं. त्या जनगणनेत जातींची उतरंड लावायचं ठरलं, तर देशभरातून 'आम्हाला वर घ्या' म्हणून अर्ज गेले. साहेबाने पट्टी काढली आणि आपण नाक पुढे केलं!

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचाच आधार घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. त्याआधी इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. गोऱ्यांचं श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसेल, ही गुरूची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या, तसं काही निघालं नाही, आणि तेच प्रबंधात लिहिलं. याच फिशरने पुढे नाझींच्या वंशशुद्धीला विज्ञानाचा शिक्का मारून दिला. तो शिक्का लाखोंच्या जिवावर बेतला.

आता कुणी म्हणेल, मग जातनिहाय गणना तरी कशाला? अहो, कुणाला शाळा, जमीन, नोकरी मिळाली नाही हे मोजणं वेगळं आणि कुणाचं रक्त भारी हे मोजणं वेगळं. पहिल्यात अन्याय उघडा पडतो, दुसऱ्यात तो निसर्गाच्या नावावर खपतो.

बातमीच्या निमित्ताने रात्री-अपरात्री रक्तपेढीच्या दारात उभी असलेली माणसं मी पाहिलीत. 'बी निगेटिव्ह आहे का?' एवढंच विचारतात. वंश विचारणारा अजून एकही भेटला नाही.

तो मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा. पटलं नाही तर खाली लिहा, भांडू. पण पुरावा घेऊन या, नाक घेऊन नको.