भोंग्याची चावी कुणाच्या हाती?

विषारी बाष्पाचा सुगावा तत्काळ देणारे तंत्र आता उपलब्ध असल्याने भोपाळची पुनरावृत्ती अशक्य आहे, असा युक्तिवाद उद्योगपतींचे पाठीराखे हल्ली करू लागले आहेत. तंत्राला आमचा विरोध नाही. पॉलिमरचा लेप दिलेला प्रकाशवाहक तंतू बाष्प शोषून घेतो, लेप फुगतो, आतून जाणारा प्रकाश बदलतो आणि तो बदल दूरच्या यंत्रावर उमटतो. तंतूत वीज खेळत नसल्याने ठिणगीचे भय नाही. ज्वालाग्राही रसायनांच्या टाक्यांभोवतीही तो फिरवता येतो.

परंतु १९८४ साली भोपाळमध्ये गळतीचे मापक कोणते होते? कामगारांचे डोळे! मिथाइल आयसोसायनेटची अनुज्ञेय मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ०.०२ भाग, डोळे चुरचुरतात ते सुमारे २ भागांना. म्हणजे मर्यादेच्या शंभरपट विष हवेत मिसळल्यावर हे 'मापक' बोलणार. उपकरणाला पैसे पडतात, कामगाराचे डोळे फुकट मिळतात. (आमच्या पाठ्यपुस्तकांत याला 'बाह्य परिणाम' असे सोज्वळ नाव आहे. मीही ते वर्षानुवर्षे निमूटपणे शिकवले.) आणि त्या रात्री वस्तीला सावध करणारा भोंगा वाजला, तोही थोड्याच वेळात बंद करण्यात आला.

७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे एल. जी. पॉलिमर्सच्या टाकीतून पहाटे स्टायरीनचे बाष्प सुटले. बारा माणसे मेली. टाकीतील तापमान केवळ तळाशी मोजले जात होते, वरचा थर तापत गेल्याचे कळलेच नाही. येथे मापक कमी पडले, हे मान्य. पण राज्य शासनाच्या चौकशी समितीला आढळले ते असे की, कारखान्यात भोंगा वाजवण्याची सोय ३६ ठिकाणी होती आणि तो एकाही ठिकाणाहून वाजवला गेला नाही. छत्तीसच्या जागी छत्तीसशे तंतू असते तरी काय झाले असते?

भोंगा वाजला की उत्पादन थांबते, वस्ती जाब विचारते. खरी किंमत ती आहे, यंत्राची नव्हे. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन नजीकचा धोका निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पण कंत्राटी कामगाराने तो बजावला तर दुसऱ्या दिवशी त्याला फाटकातून आत कोण घेणार?

म्हणून तारापूर, महाड, लोटे येथील आपल्या कार्यकर्त्यांनी मागणीपत्रकात दोन कलमे घालावीत. मापकाची नोंद फाटकावर व ग्रामपंचायतीत सर्वांना दिसेल अशी लावावी. आणि मर्यादा ओलांडताच व्यवस्थापकाच्या परवानगीवाचून वस्तीचा भोंगा आपोआप वाजावा. पहिले कलम मालक कदाचित मान्य करतील. संघर्ष दुसऱ्यावर होईल, त्याची तयारी आतापासून ठेवावी.