अडवणाऱ्याचीही सही असते

परिपत्रकांवरच्या मागच्या लेखाबद्दल एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र आलं. सभ्य, मुद्देसूद आणि मला मुळीच न पटलेलं. त्यांचं म्हणणं, खुर्चीतला माणूस बांधलेला असतो. तो कुणाला अडवत नाही, नियम अडवतो. या युक्तिवादाचा मला मनापासून संताप येतो, कारण 1940 च्या जूनमध्ये तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवर खोटा ठरलेला आहे.

बोर्दोतले पोर्तुगालचे वाणिज्यदूत आरिस्टिडिस द सोझा मेंडिस वाचकांना आठवत असतील. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचं परिपत्रक क्रमांक 14 त्यांच्यापुढे होतं: मायदेशातून हाकललेल्या ज्यूंना लिस्बनच्या परवानगीशिवाय व्हिसा नाही. पॅरिस पडलं होतं, बोर्दो निर्वासितांनी भरून गेलं होतं. त्या निर्वासितांतले एक रब्बी क्रुगर यांना त्यांनी कुटुंबापुरते व्हिसा देऊ केले, तर बरोबरच्या सगळ्यांना मिळाल्याशिवाय घेणार नाही, असं क्रुगर यांनी सांगितलं. मेंडिस काही दिवस अंथरुणाला खिळले. उठले ते मागेल त्याला व्हिसा द्यायचा, हे ठरवूनच. पुढे बायोनमध्ये, मग थेट सरहद्दीवर आंदायला त्यांनी तेच केलं. व्हिसांचा नेहमी सांगितला जाणारा 30,000 हा आकडा इतिहासकारांना मान्य नाही. त्याहून बराच कमी असला तरी माझ्या लेखी काही फरक पडत नाही.

24 जूनला सालाझारने त्यांना परत बोलावलं. दोनच दिवसांनी, 26 जूनला, वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र खात्याचे सहायक सचिव ब्रेकिन्रिज लाँग यांनी सहकाऱ्यांसाठी एक टिपणी लिहिली. अमेरिकेत येणारे लोक कसे थोपवता येतील, याचा मार्ग तिच्यात आहे: वाणिज्यदूतांना सांगायचं, शक्य तितके अडथळे घाला, जादा पुरावे मागा, निर्णय लांबवत राहा. यासाठी कायद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही. कायद्यानं तर जर्मनीत आणि ऑस्ट्रियात जन्मलेल्यांसाठी वर्षाला 27,370 जागा ठेवल्या होत्या. माणसं दाराशी उभी असताना त्यातल्या कितीतरी रिकाम्या राहिल्या. एक प्रतिज्ञापत्र मिळेपर्यंत दुसऱ्या कागदाची मुदत संपलेली असे. पुढच्या वर्षी आणखी एक अट आली: जवळचे नातेवाईक जर्मनांच्या ताब्यातल्या मुलुखात राहिले असतील, तर व्हिसा नाही. म्हणजे आईवडील मागे ठेवून निघालेला मुलगा त्याच कारणानं अडकायचा.

पत्रलेखकांनी हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. मेंडिस यांना नियम नाही म्हणत होता, त्यांनी हो म्हटलं. लाँग यांना कायदा जागा देत होता, त्यांनी त्या दिल्या नाहीत. स्वतःच्या अखत्यारीत निर्णय दोघांनीही घेतला. मग बांधलेला कोण होता?

पुढचा हिशेब तर याहून वाईट आहे. 14 मुलांच्या बापाची, मेंडिस यांची, खातेनिहाय चौकशी झाली, वर्षभर निम्मा पगार आणि मग सक्तीची निवृत्ती. 1954 मध्ये ते दारिद्र्यात वारले. पोर्तुगालच्या संसदेनं त्यांच्यावरचे आरोप रद्द केले ते 1988 मध्ये. लाँग यांचा कारभार 1944 च्या जानेवारीत अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे उघडा केला. निर्वासितांसाठी स्वतंत्र मंडळ आलं, लाँग यांच्याकडून व्हिसाचं काम गेलं, त्याच वर्षी ते पायउतार झाले. शिक्षा झाली नाही.

म्हणून माझं जुनं मागणं पुन्हा मांडतो: प्रत्येक नकारावर, प्रत्येक ‘त्रुटींची पूर्तता करावी’ या शेऱ्यावर, देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि कारण अर्जदाराला दिसलं पाहिजे. लाँग यांची टिपणी तेव्हाच वर्तमानपत्रांत छापून आली असती, तर ती टिकली नसती असं मला वाटतं. पत्रलेखकांना एवढंच विचारतो: तुमच्या टेबलावरून परत गेलेल्या अर्जांपैकी किती परिपत्रकामुळे गेले आणि किती तुमच्यामुळे? उत्तर आलं, तर याच जागी जसंच्या तसं छापीन.